खापरांची साक्ष

तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं, लाकूड कुजतं, कापड विरून जातं. भाजलेलं मातीचं भांडं मात्र फुटलं तरी नाहीसं होत नाही. म्हणूनच उत्खनन करणाऱ्यांचा भरवसा सोन्यानाण्यापेक्षा खापरावर अधिक असतो.

संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांना पुढे गावाचंच नाव मिळालं. तांबूस-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, चौकटी, जाळ्या. तोटीची भांडी आणि मधोमध कंगोरा असलेले वाडगे ही त्यांची खास ओळख. टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. तो आवाज म्हणजे चांगल्या भट्टीची पावतीच! त्याआधीची माळवा पद्धतीची पिवळसर भांडी इतकी पक्की भाजलेली नसत. इ.स.पू. १४०० च्या सुमारास आपला कुंभार चाकावर आणि आगीवर असा हुकमत मिळवून बसला होता.

पण मला थांबवतात ती वेगळीच भांडी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं तिथे उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन करडे, ओबडधोबड रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल, आणि सोबत रंगवलेलं तोटीचं भांडं, वाडगा. चाकावरचं देखणं काम जमणाऱ्या या वस्तीने लेकरासाठी हाताने घडवलेले रांजण निवडले. त्याला गर्भाशयाचं रूपक म्हणावं, असं काहींना वाटतं. मला त्याहून घराबाहेर न नेण्याचा हट्ट अधिक बोलका वाटतो. मूल गेलं, तरी ते आईच्या पायाखालच्या जमिनीतच राहिलं.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात आणि भांडीही जाडीभरडी होतात. पाऊसमान घटल्याने शेती खालावली, असं डॉ. म. के. ढवळीकरांनी मांडलं. कणगी रिकामी असताना नक्षीला वेळ कोण देणार? इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

हे सगळं कळलं, कारण खापरं आपापल्या थरात होती. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो. तिची माती खत म्हणून गाडी भरभरून शेतात गेली, आता यंत्रं ती तासाभरात सपाट करतात. थरातून सुटलेलं खापर सुंदर दिसेल, पण कोणाच्या आधीचं नि कोणाच्या नंतरचं, हे सांगू शकणार नाही. तेव्हा नांगराच्या फाळाला काळ्या रेघांचं लाल खापर लागलं, तर ते खिशात टाकू नका. जागेवरच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.