उष्टावण कधी करायची?

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करायची. त्याआधी फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आदिलाबादच्या वैशाखात हे आजीला पटवणं अवघड जातं. पण आईच्या दुधात बाळाला पुरेल एवढं पाणी असतं, आणि बाहेरच्या पाण्याने जुलाब लागायची भीती.

उशीरही तितकाच वाईट. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो, आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. दात आले नाहीत म्हणून थांबू नका; मऊ घास बाळ हिरड्यांनी चावतं.

आपल्याकडे पहिला घास म्हणजे बहुतेकदा वरणाचं पाणी. त्यात डाळ नसतेच हो! वरणभात बोटांनी छान कुस्करा, वर थोडं तेल किंवा तूप घाला. चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये, इतका दाट. ज्वारीची पेजही तशीच घट्ट. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. उकडलेलं अंडं कुस्करून चालतं. मध मात्र वर्षापर्यंत चाटवू नका.

7 महिने ते 3 वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत दरमहा अडीच किलो बालामृतम् मिळतं. त्यात गहू, हरभराडाळ, दूध पावडर, तेल, साखर असते. घरात मोठी भावंडं असली की ते पाकीट चार दिवसांत संपतं. ते बाळासाठी वेगळं काढून ठेवा, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या.