दुकानातील पथारी आणि गावाकडील घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शिवाजीनगर, बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



परप्रांतातील मराठी माणसाविषयी आम्ही काही बोलावे, अशी आपल्या कार्यकारिणीची इच्छा होती. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून आरंभ केला की हा विषय तासभर सहज पुरतो, आणि श्रोतेही प्रसन्न होऊन घरी जातात. आज आम्ही तो राजमार्ग सोडून एका बोळात शिरणार आहोत. तो बोळ या सभागृहापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

कमर्शियल स्ट्रीटवरून ज्वेलर्स स्ट्रीटकडे वळले की दागिन्यांची झगमगीत दुकाने लागतात. त्यांच्या पाठीमागच्या गल्ल्यांत, कोठे जिन्याखाली तर कोठे माडीवर, दहा बाय बाराच्या खोल्या आहेत. दारावर सोने-चांदी गाळण्याची पाटी आणि आत भट्टीचा घरघराट. दोन वर्षांपूर्वी घरातील एक मोडकी पाटली वितळवून तिचा टंच काढून घेण्यासाठी आम्ही अशा एका खोलीत गेलो. दुकानदार गिऱ्हाइकांशी कन्नड, तमिळ आणि दखनी या तिन्ही भाषांत सफाईने बोलत होता. तेवढ्यात त्याने आतल्या पोऱ्याला हाक मारली, "आरं, मूस तापली का बघ जरा!" आम्ही चकित झालो. चौकशी करता गृहस्थ आटपाडीकडचे निघाले. पाटलीचे काम पाऊण तासात आटोपले. आम्ही मात्र तेथे संध्याकाळपर्यंत बसलो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खटाव, माण हा पट्टा पर्जन्यछायेचा. जमीन आहे, पण पाणी नाही. या भागातून पिढ्यान्पिढ्या माणसे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा घेऊन हिंदुस्थानभर पसरली. १९७२ च्या दुष्काळाने त्यांना आणखी रेटा दिला. आज दक्षिणेतील किंवा उत्तरेतील कोणत्याही मोठ्या सराफबाजारात जा, विटा-आटपाडीकडचा माणूस तेथे भेटतोच.

या धंद्यातील विद्या बाहेरून वाटते तेवढी सोपी नाही. जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबे, चांदी आणि डाक असतो. तो शुद्ध करावयाचा तर आधी त्यात आणखी चांदी किंवा तांबे घालून सोन्याचे प्रमाण सुमारे चौथाईवर आणावे लागते. सोने दाट राहिले तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. मग तेजाबात इतर धातू विरघळतात आणि तळाशी उरते ती तपकिरी भुकटी. नवख्या माणसाला ती कचराच वाटावी. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत तापविली की पिवळी धमक लगड तयार होते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती पुन्हा खाली बसते. सराफाच्या दुकानातील झाडलोटीची धूळसुद्धा ही मंडळी विकत घेतात आणि तिच्यातून सोने काढतात. आपल्याकडील झारेकऱ्यांचे हे जुने काम.

परंतु आमचे मन गुंतले ते रसायनात नव्हे, त्या पोऱ्यात. तो दुकानदाराच्या भावकीतला. गावाहून आला तो थेट या खोलीत. दिवसा भट्टीपाशी शिकायचे, रात्री भट्टी विझली की तेथेच पथारी टाकायची. जेवणखाण मालकाकडे. पहिली काही वर्षे हातात पैसे थोडे. वर्षाअखेर बापाच्या हाती काही रक्कम जाते. हात बसला, टंच नजरेने ओळखता येऊ लागला की मालकच त्याला दुसऱ्या एखाद्या शहरात जागा बघून देतो आणि बहुधा भांडवलालाही हातभार लावतो. मग तोही गावाकडून एक पोऱ्या आणतो. पुढे पाचदहा वर्षांत गावात स्लॅबचे घर उभे राहते. कोठे करारपत्र नाही, कोठे शिक्का नाही. तरीही निवारा, हुन्नर आणि अखेर मालकीचे घर अशी ही साखळी आजवर चालत आली आहे. सरकारी योजना आखण्यात आमची तीस वर्षे गेली, म्हणून सांगतो, अशी साखळी कागदावर जुळविणे फार कठीण असते.

युरोपातील कारागीर संघांतही शागीर्द उस्तादाच्याच घरी राहत असे. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने त्याची मुदत किमान सात वर्षे ठरविली होती. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकदमच उभारली. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली ती हेच ओळखून, की खेड्यातल्या मुलाला शाळेआधी छप्पर लागते. या बंगळुरातही ते घडले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला. पुढे सरकारी कारखाने आले, त्यांच्या वसाहती आल्या, शिकाऊ कामगारांच्या शाळा आल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पण वसाहतीतील घर हे नोकरीचे घर. नोकरी संपली की किल्ली परत. ज्या कामगारांनी वेळीच सहकारी गृहनिर्माण संस्थांत नाव घातले त्यांची घरे झाली. जे क्वार्टरच्या सावलीत निश्चिंत राहिले त्यांना निवृत्तीनंतर भाड्याची खोली शोधावी लागली. हे आम्ही दुसऱ्याचे सांगत नाही. आम्ही पंचावन्नी ओलांडली आहे, पाच गावी बदल्या झाल्या, आणि आमचे स्वतःचे घर अद्याप कोठेच नाही. निवृत्तीनंतर काही महिन्यांत सरकारी निवास सोडावयाचा आहे, ही गोष्ट आमच्या घरात हल्ली जेवताना निघते आणि कोणीतरी विषय बदलतो.

म्हणून त्या गलाईवाल्यांचा आम्हांस प्रथम हेवाच वाटला. तसे बोलूनही दाखविले. गृहस्थ हसले. म्हणाले, "साहेब, घर हाय. चार खोल्या, वर गच्ची. किल्ली शेजारच्या चुलत्याकडं असती. आम्ही जत्रंला जातो अन् लग्नसराईत."

पुढे हळूहळू सारे कळले. अठ्ठावीस वर्षे हा मनुष्य शिवाजीनगरात आहे. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे तो दुकानातच निजत होता. त्या वर्षांचा भाडेकरार नाही, विजेचे बिल नाही, रेशनकार्ड गावचे. मुलींचा जन्म येथला, शिक्षण कन्नडमधून. त्यांना आटपाडी म्हणजे सुटीतले गाव. येथे जागा घ्यावी असे मनात आले तेव्हा वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. बंगळूर विकास प्राधिकरणाची भूखंड देण्याची एक पद्धत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल: आधी दहा वर्षांचा भाडेपट्टा-नि-विक्रीचा करार, त्या मुदतीत अटी पाळून घर बांधावयाचे, मग कायमचे खरेदीखत. भाडेकरूचा मालक करणारी ही फार शहाणी रीत आहे. पण तिच्या दाराशीच दीर्घ वास्तव्याची अट आहे. ज्याने सर्वांत कष्टाची वर्षे या शहरात काढली, त्याच्याच त्या वर्षांची नोंद कोठे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती गलाईवाल्या बांधवांच्या तोंडावर सांगावयास आम्ही कचरणार नाही. तेजाबाचा तांबूस धूर त्याच क्षणी फारसा त्रास देत नाही, पण त्याने फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका काही तासांनीही असतो. ज्या खोलीत हे काम होते तेथे कोणी झोपता कामा नये. मग तो सख्खा पुतण्या का असेना. शिवाय चौदा वर्षांखालील मुलाला कामास लावणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच व्यवसायांत गुन्हा आहे, आणि धोक्याच्या कामांत ती मर्यादा अठरा वर्षांची आहे. "आम्ही बाराव्या वर्षी आलो आणि काय झाले?" असे मालक मंडळी म्हणतात. काय झाले ते त्यांच्या खोकल्यावरून कळते.

धंदाही बदलतो आहे. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. नजरेने आणि कसोटीच्या दगडाने टंच सांगणाऱ्यापुढे आता क्ष-किरणांचे यंत्र आले. पोऱ्याला यापुढे प्रमाणपत्राचीही गरज पडणार. आणि टेंभूचे पाणी आटपाडीच्या शिवारात पोचल्यापासून बाप पोराला इतक्या लांब पाठविण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

मंडळाने काय करावे? आमची सूचना लहान आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला नवा रंगमंच करण्याचा विचार आहे असे ऐकतो. रंगमंच अवश्य व्हावा, परंतु पाच वर्षांनी. आधी शिवाजीनगराच्या आसपास एक मजला भाड्याने घेऊन अठरा वर्षांवरील वीस शिकाऊ मुलांची राहण्याची सोय करावी. मालकाने मुलाच्या निवाऱ्याचा खर्च मंडळाकडे भरावा. मंडळाने मुलाच्या नावे रीतसर करार आणि पावती द्यावी. तीच त्याच्या वास्तव्याची पहिली नोंद. त्याच्या पगारातील ठरावीक भाग त्याच्याच नावाच्या आवर्ती ठेवीत जावा आणि त्या पासबुकावर मालकाची सही चालू नये. संध्याकाळी कन्नड लिपी आणि हिशेब शिकविणारे आपल्यात पुष्कळ निवृत्त लोक आहेत. पुढे वीसाचे साठ झाले तर त्यांची गृहनिर्माण संस्था नोंदविता येईल. हे मनोराज्य नव्हे: सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांनी सहकारी संस्था करून, केंद्र, राज्य आणि स्वतःचा वाटा एकत्र आणून, कुंभारी येथे दहा हजार घरे मिळविली, २००६ साली ती ताब्यात आली.

यावर कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हांस खासगीत विचारले, की ही मंडळी आपल्या मंडळाची सभासद तरी कोठे आहेत? प्रश्न रास्त आहे. पन्नास वर्षांच्या सभासद-नोंदवहीत आम्ही बँका, कारखाने, संशोधनसंस्था आणि आमच्यासारखे सरकारी नोकर यांचीच नावे पाहिली. गलाईचे नाव एकही सापडले नाही. गणेशोत्सवात मात्र मूर्तीच्या चांदीच्या मुकुटाला दर वर्षी झळाळी कोण आणून देते, हे कोषाध्यक्षांना ठाऊक आहे.

रविवारी दुपारनंतर त्या गल्लीतल्या भट्ट्या बंद असतात. येत्या रविवारी चार वाजता आम्ही तिकडे जाणार आहोत, सभासदत्वाचे कोरे अर्ज बरोबर घेऊन. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी साडेतीनला रसेल मार्केटच्या दाराशी यावे.