शाळेतील छायाचित्रे : ती कशी घ्यावीत व कशी जपावीत

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसले. त्याचा अर्थ मी जाणतो. ‘‘साहेब, आम्ही शिकवावे की फोटो काढावेत?’’ हा प्रश्न मला अनेक शाळांत विचारला गेला आहे, व तो रास्त आहे. वृक्षारोपण झाले, छायाचित्र पाठवा. प्रभातफेरी निघाली, छायाचित्र पाठवा. असे निरोप माझ्याच टेबलावरून जात आले. आलेली शेकडो छायाचित्रे मी पाहिली न पाहिली आणि ती कोठे गेली हे आज मलाही सांगता येणार नाही. तेव्हा आज मी आपणास आणखी छायाचित्रे काढा असे सांगण्यास उभा नाही. थोडी काढावीत, नीट काढावीत, आणि काढलेली टिकवावीत, एवढेच माझे सांगणे आहे. मात्र ते सांगण्यापूर्वी स्वतःची एक चूक आपणापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

सन २०१६ च्या दिवाळीच्या सुटीत एका जुन्या शाळेतील जनरल रजिस्टरांची छायाचित्रे मी स्वतः माझ्या मोबाईलवर घेतली. कागद तांबूस पडून कडा झडू लागल्या होत्या. दोन दिवस बसून आम्ही ते काम उरकले, व मोठे काम केले या समाधानात घरी गेलो. त्यांपैकी बारा छायाचित्रे नमुन्यादाखल मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲपवर धाडली. बाकीची माझ्याच मोबाईलमध्ये राहिली. पुढल्या वर्षी तो मोबाईल बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला नाही. २०१८ च्या पावसाळ्यात शाळेचे छप्पर गळले, आणि कपाटातील रजिस्टरे भिजून त्यांचा लगदा झाला.

२०१९ साली गावातील एक आजी शाळेत आल्या. श्रावणबाळ योजनेसाठी त्यांना वयाचा पुरावा हवा होता. त्या योजनेस पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात. आजी दुसरीपर्यंतच शिकलेल्या. सरकारी कागदावर त्यांची जन्मतारीख लिहिलेली जागा ती काय एकच. सुदैवाने त्या बारा छायाचित्रांत त्यांचे नाव निघाले. पण जन्मसाल १९५१ की १९५९ हे काही केल्या वाचता येईना, कारण शेवटचा आकडा एक की नऊ हे त्या पुसट चित्रात ठरत नव्हते. अक्षरी तारीख पाहावी, तर मी दोन पाने एकदम टिपली होती आणि नेमका तो रकाना रजिस्टराच्या शिवणीत दबला होता. एका आकड्यावर आजींचा हक्क अडला होता. पुढे वैद्यकीय दाखल्यावर त्यांचे काम झाले. परंतु त्यासाठी त्यांना ज्या खेपा घालाव्या लागल्या, त्या माझ्या आळसाच्या होत्या.

या एका प्रसंगात माझ्या हातून चार चुका झाल्या. आज मी जे सांगणार आहे, ते त्या चुकांचेच उत्तर आहे.

छायाचित्र घेताना

पहिली गोष्ट, नवा मोबाईल घेण्याची आवश्यकता नाही. उत्तम छपाईसाठी दर इंचास ३०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या पानाला आडवे २४८० व उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लक्ष ठिपके लागतात. आज बहुतेकांच्या हाती असलेल्या मोबाईलचा कॅमेरा एक कोटी वीस लक्ष अथवा त्याहून अधिक ठिपके टिपतो. उणीव असते ती उजेडाची, स्थैर्याची आणि स्वच्छतेची. खिशातील घाम व खडूची धूळ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. मऊ सुती कापडाने ते पुसावे. निम्मी चित्रे एवढ्यानेच सुधारतात.

दप्तराचे पान टिपताना खिडकीजवळ, परंतु थेट ऊन पडणार नाही अशा जागी टेबल ठेवावे. फ्लॅश वापरू नये. त्याने मध्यभागी पांढरा डाग पडतो व कडा काळवंडतात. पान पातळ असून मागील बाजूची शाई दिसत असेल, तर त्याखाली काळा कागद सरकवावा. मोबाईल पानाच्या बरोबर वर, पानाशी समांतर धरावा. चार विटांवर अथवा दोन स्टुलांमध्ये आडव्या फळीवर तो टेकविता आला तर हात हलण्याचे भय उरत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावल्यास बटण दाबतानाचा धक्काही टळतो. एका वेळी एकच पान घ्यावे, आणि शिवणीकडील मजकूर पूर्ण आला की नाही हे चित्र मोठे करून लगेच पाहावे. चित्र मोठे करण्यासाठी टिपतानाच बोटांनी झूम करू नये. त्याने बहुधा बारकावा वाढत नाही, मधला तुकडा ताणला जातो इतकेच. त्याऐवजी आपण जवळ जावे.

फळ्याचे व मुलांचे छायाचित्र घेताना आणखी एक मर्म ध्यानात ठेवावे. समोरचे दृश्य सरासरी करड्या उजेडाचे आहे, असे कॅमेरा गृहीत धरतो. म्हणून काळा फळा भरून घेतला की तो त्यास उजळ करू पाहतो, व खडूची अक्षरे फिकी होतात. उलट पांढरा कागद भरून घेतला तर तो मळकट दिसतो. यास्तव पडद्यावर मुख्य वस्तूवर बोट टेकवावे आणि शेजारी येणारी उजेडाची खूण फळ्यासाठी थोडी खाली, कागदासाठी थोडी वर सरकवावी. मुलांना खिडकीकडे पाठ करून उभे करू नये. चेहरे काळे पडतात. आणि मुलाचे छायाचित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, गुडघ्यावर बसून घ्यावे. उभ्याने वरून टिपलेल्या चित्रात मूल उगाच लहान व दबलेले दिसते.

पाठविताना

माझ्या बारा चित्रांतील आकडा पुसट का झाला? मोबाईल छायाचित्रे बहुधा जेपेग या पद्धतीने साठवितो. हे प्रमाण १९९२ साली निश्चित झाले. त्याच्या गाभ्याशी असलेली गणिती युक्ती बंगळुरात जन्मलेले अभियंते नासीर अहमद यांना १९७२ साली सुचली आणि १९७४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ती प्रसिद्ध केली, हे आपण वर्गात अभिमानाने सांगावे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून, डोळ्यास सहसा न जाणवणारा बारकावा त्यातून वगळावयाचा, अशी ही रीत आहे. ती मर्यादेत वापरली तर चित्र निर्दोष दिसते व जागा थोडी लागते. परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने चित्र पाठविले, की ते पुन्हा आकुंचित केले जाते. माणसाचा चेहरा त्यात ओळखू येतो, पण झिजलेल्या शाईतील एक आणि नऊ यांतला भेद नाहीसा होतो. गेलेला बारकावा परत मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. महत्त्वाचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावे, म्हणजे ते जसेच्या तसे जाते. किंवा केबलने संगणकावर उतरवून घ्यावे. मूळ चित्र कधीही कापू-सुधारू नये. तसे करावयाचे असल्यास प्रथम प्रत काढावी व प्रतीवर काम करावे.

नाव देताना

नाव नसलेले छायाचित्र आणि हजेरीपटात नाव नसलेले मूल यांची स्थिती सारखीच. ते असूनही सापडत नाही. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर विषय व क्रमांक, असे नाव द्यावे. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१५-ध्वजवंदन-०१’. या क्रमाने लिहिले की संगणक चित्रे आपोआप कालक्रमाने मांडतो. अंक सर्वत्र मराठी तरी ठेवावेत किंवा सर्वत्र इंग्रजी तरी. मिसळ केल्यास शोध घेताना गोंधळ होतो. रजिस्टराच्या पानास खंड व पान क्रमांक द्यावा.

वर्षातून निवडलेल्या चित्रांची एक यादी संगणकावर करावी : कोणता प्रसंग, कोठे, कोणी टिपले. ती यादी युनिकोडमध्येच टंकलिखित करावी. आपल्यापैकी पुष्कळांनी पूर्वी निरनिराळ्या टंकांत प्रश्नपत्रिका तयार केल्या आहेत, व त्या दुसऱ्या संगणकावर उघडताच इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसल्याचा अनुभव घेतला आहे. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असत. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्यामुळे टंक बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकावा. त्यात डाव्या हातास स्वर आहेत व उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’ उमटतो. वर्णमाला शिकविणाऱ्यास हा कळफलक परका वाटू नये.

जपताना

आता सर्वांत महत्त्वाची बाब. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने एक साधा नियम रूढ केला आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या शाळेस हा नियम असा लावता येईल. पहिली प्रत शाळेच्या संगणकावर. दुसरी पेनड्राईव्हवर अथवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी केंद्रशाळेच्या कपाटात. शाळेचे छप्पर गळाले तरी केंद्रशाळेचे त्याच दिवशी गळणार नाही. खर्चाची भीती नको. एका पानास चार एमबी धरले, तर दोनशे पानांच्या रजिस्टरास आठशे एमबी लागतील. सोळा जीबीच्या एका पेनड्राईव्हवर पंधरा-सोळा रजिस्टरे सहज मावतात.

पण पेनड्राईव्ह ही तिजोरी नव्हे. त्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने असते, व वर्षानुवर्षे तो न वापरता पडून राहिला तर हा भार ओसरू शकतो. म्हणून दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडताना, प्रत्येक प्रत उघडून पाच-दहा चित्रे पाहावीत, आणि दर काही वर्षांनी सर्व नव्या साधनावर उतरवावे. आपण धान्याला ऊन देतो, तसेच हे आहे. चुकून मेमरी कार्डावरील चित्रे पुसली गेली, तर त्या कार्डावर नवीन काहीही न टिपता ते लगेच बाजूस ठेवावे. पुसलेली चित्रे बहुधा काही काळ तेथेच असतात. नवे टिपले की त्यांच्यावर लिहिले जाते.

एक गोष्ट निक्षून सांगतो. छायाचित्र हे मूळ रजिस्टराचा पर्याय नव्हे. जनरल रजिस्टर हे कायम जतन करावयाचे दप्तर आहे. ते चित्रे झाली म्हणून अडगळीत टाकू नये.

मुलांची अब्रू

शेवटी, ज्यांची आपण छायाचित्रे घेतो त्यांच्याविषयी. पोषण आहाराच्या रांगेत ताट धरून उभे असलेले मूल, फाटका सदरा घातलेले मूल, दान स्वीकारताना मान खाली घातलेले मूल — अशी चित्रे गावभर फिरविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती हे तत्त्व मान्य केले आहे. कायदा नसता तरी गुरुजनांचा धर्म हाच. प्रवेशाच्या वेळीच पालकांशी बोलून लेखी संमती घ्यावी. जे नाही म्हणतील, त्यांच्या मुलास समारंभातून वगळू नये. केवळ चित्रातून वगळावे.

छायाचित्राच्या फाईलमध्ये दिनांक, वेळ, आणि मोबाईलमधील स्थानाची नोंद सुरू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ही पद्धत १९९५ साली जपानमध्ये निघाली. दप्तराच्या कामास दिनांकाची ही नोंद उपयोगी आहे. परंतु ‘डॉक्युमेंट’ म्हणून चित्र पाठविले की ती नोंदही सोबत जाते, हे विसरू नये. मुलांची चित्रे घेताना कॅमेऱ्यातील स्थानाची नोंद बंद ठेवावी. रजिस्टराची पाने तर कोणत्याही गटात टाकूच नयेत. त्यांत कुटुंबांची खासगी माहिती असते.

बंधुभगिनींनो, पुढील परिषदेपूर्वी आपण एकच काम करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या शाळेतील सर्वांत जुन्या रजिस्टराचे पहिले पान वरील रीतीने टिपावे, त्यास नाव द्यावे आणि त्याच्या तीन प्रती कराव्यात. एक पान नीट झाले की पुढील पाने आपोआप होतील. ते चित्र मला पाठवू नये. येताना पेनड्राईव्हवर आणावे, आपण सर्व मिळून ते वाचता येते का हे पाहू. माझ्याकडूनही एक वचन देतो. यापुढे ज्या छायाचित्राचे काय करावयाचे हे मला ठाऊक नाही, ते मी आपणाकडे मागणार नाही.

त्या आजींसारखी कोणी उद्या आपल्या शाळेच्या दारात येईल. तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि तिची जन्मतारीख आपणास तिला वाचून दाखविता यावी, यासाठी ही सारी खटपट आहे.