जनरल रजिस्टरातील एक ओळ



विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन प्रवेशाची चिंता माध्यमिक शाळेने वाहावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्या प्रवेशाचा पहिला कागद प्राथमिक शिक्षकच लिहितो. मूल दाखल होताना जनरल रजिस्टरात लिहिलेले नाव, जन्मतारीख व जात हीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतात. राखीव जागेवर वैद्यकीय अगर अभियांत्रिकी प्रवेश मागताना जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पडताळणी समिती हीच नोंद पाहते.

एवढ्याने भागत नाही. वडील-आजोबांच्याही नोंदी लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा पुष्कळदा शाळेच्या जुन्या, क्वचित मोडीतील, रजिस्टरातच मिळतो. त्यास वाळवी लागली, तर घराण्याचा पुरावाच गेला. दप्तर-तपासणीत मात्र त्या कपाटाकडे अखेरीस लक्ष जाते!

जन्मदाखला न पाहता १ जून ही तारीख घालणे, जातीच्या रकान्यात नुसते 'हिंदू' लिहून थांबणे, ही सोयीची पण घातक सवय होय. मुलाने शाळा सोडल्यावर दुरुस्ती सहजी होत नाही. म्हणून दाखला देण्यापूर्वी, मूल शाळेत असतानाच, संपूर्ण नोंद पालकांस मोठ्याने वाचून दाखवावी. निरक्षर पालकांस तर अवश्य.