पहिला अल्बम कसा ऐकायचा?

चांद्यातून बोलतोय, आपल्या मुळशीतल्या. मागे डंपरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, इकडे बांधकामं चालूच असतात.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय : "दादा, बँडची चार गाणी तयार आहेत, पण साउंड प्रो वाटत नाही. त्यात एक गाणं बाकीच्यांसारखं नाहीच. ते काढून टाकू का?"

थांब रे. आधी सिएटलला जाऊ, १९८९ मध्ये. 'निर्वाना'चा पहिला अल्बम, 'ब्लीच'. रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. हे पैसे दिले जेसन एव्हरमननं. कव्हरवर गिटारिस्ट म्हणून त्याचं नाव आहे, पण अल्बममध्ये त्यानं एक सूरही वाजवलेला नाही! डेव्ह ग्रोल तर तेव्हा बँडमध्ये आलाच नव्हता.

अल्बम लावलात की जड, खरखरीत गिटार आणि घसा फाडून गाणं. ग्रंज म्हणतात ते हेच. आणि तिसऱ्या नंबरला येतं 'अबाउट अ गर्ल'. एकदम साधी, गुणगुणता येईल अशी चाल. बाकीच्यांत न बसणारी. पण १९९१ मध्ये 'नेव्हरमाइंड'नं जग हलवलं ते याच जोरावर : आवाज रांगडा, चाल गोड. म्हणजे पुढचा रस्ता त्या वेगळ्या गाण्यातच दिसत होता.

आता आपल्या मुंबईत या. 'पेंटाग्राम' १९९४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडचे बरेच रॉक बँड तेव्हा स्टेजवर परदेशी गाणीच वाजवायचे. यांनी १९९६ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, 'वी आर नॉट लिसनिंग'. तो गिटारवर उभा होता. २००२ चा 'अप' ऐकाल तर इलेक्ट्रॉनिक साउंड आत शिरलेला. २००५ मध्ये ते ग्लास्टनबरीला वाजवून आले. गायक विशाल ददलानी, हो, 'विशाल-शेखर'मधलाच. पहिल्या अल्बमच्या साच्यात अडकून बसले असते, तर हे झालं असतं का?

म्हणून मला वाटतं, पहिल्या अल्बममध्ये सफाई शोधू नका. सफाई पैशानं आणि सरावानं येते. हा बँड अजून कुठे जाऊ शकतो, ते शोधा. बहुतेक वेळा ते न जुळणाऱ्या गाण्यातच सापडतं.

तेव्हा मित्रा, ते गाणं काढू नकोस. चारही अपलोड कर आणि लिंक पाठव. आम्ही ऐकतोय!