फोटोखाली काय लिहायचं?



आपल्याकडे बाहेरच्या खोलीत फोटो लावायची जागा ठरलेली असते. दाराच्या वर, खिळ्याला सुतळीने बांधलेले, थोडेसे पुढे झुकलेले फोटो. त्यात देव असतात, गेलेली माणसं असतात, लग्नाचा एखादा फोटो असतो. जुन्या घरात हमखास एक कापड काचेत बसवलेलं असतं, रंगीत दोऱ्यांनी ‘सुस्वागतम्’ भरलेलं. घरातल्या कुठल्यातरी लेकीने लग्नाआधी भरलेलं ते. म्हणजे भिंतीवरच्या चौकटीत चित्राबरोबर दोन शब्दही असावेत, हे काही आपल्याला नवीन नाही.

नवीन आहे ती डिजिटल फोटो फ्रेम. लहानशा टीव्हीसारखी दिसते. फोटो आपोआप बदलत राहतात आणि मध्येच आपण लिहिलेला मजकूर येतो. ‘आज मंगळवार.’ ‘आई, पाणी प्यायचं.’ बाहेरगावी असलेली मुलं दिवाळीला आईवडिलांसाठी ही फ्रेम घेऊन येतात. लावून देतात आणि परत जातात. मग ती कशी वापरायची आणि तिच्यावर काय लिहायचं, हा प्रश्न घरात राहणाऱ्या बाईपुढे उरतो. आज त्याबद्दल बोलते. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला आठवत नाहीसं झालंय, त्या घरांसाठी मुद्दाम बोलते.

आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणतो आणि सोडून देतो. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. देशभर केलेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा त्रास आहे, म्हणजे देशात जवळजवळ ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत तो जास्त आहे आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तेव्हा हा शहरातल्या लोकांचा आजार आहे, असं म्हणायला जागा नाही. मात्र प्रत्येक विसरणं म्हणजे हा आजार नव्हे. थायरॉइडचा त्रास असला, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, मन फार खचलं, तरी माणूस विसरायला लागतो, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून फ्रेम घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या.

या आजारात साधारणपणे अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागे राहतं. माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते सांगता येतं, पण सकाळी चहा घेतला का ते सांगता येत नाही. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न तासाभरात दहा वेळा येतो. विचारणारी मुद्दाम विचारत नाही. तिच्या लेखी दर वेळी तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. अकराव्या वेळी आपला आवाज चढतो, फ्रेमचा चढत नाही. तिचा खरा उपयोग एवढाच, आणि तो लहान नाही.

आता लिहायचं काय? एका वेळी एकच गोष्ट, आणि मोठ्या अक्षरात. ‘आज गुरुवार. सकाळ आहे.’ पुष्कळ झालं. काही फ्रेमवर हवामान, घड्याळ, कॅलेंडर, तीन कोपऱ्यांत तीन गोष्टी दिसतात. त्या बंद करून टाका. बाहेर ऊन किती आहे ते म्हातारीला तुमच्या फ्रेमपेक्षा चांगलं कळतं.

माणसांच्या फोटोखाली नाव आणि नातं दोन्ही लिहा, आणि नातं तिच्या बाजूने लिहा. ‘ही माझी मुलगी’ असं लिहिलं तर माझी म्हणजे कुणाची, इथेच ती अडकते. ‘थोरल्याची मुलगी, तुमची नात’ असं लिहा. नावही शाळेतलं नको, घरात हाक मारायचं लिहा. लग्न झाल्यावर, दाढी आल्यावर चेहरे बदलतात. नातवाचा आजचा फोटो ओळखता येत नाही, पण चड्डीतला, गुडघ्याला माती लागलेला ओळखता येतो. म्हणून जुने फोटो जास्त घाला. आणि एक करू नका. पाहुणे आले की फ्रेमसमोर उभं करून ‘ओळखा बघू हा कोण?’ असं विचारू नका. परीक्षेत नापास झाल्यासारखा तिचा चेहरा होतो.

सगळ्यात अवघड फोटो असतो नवऱ्याचा. तो गेलेला असतो आणि तिला ते आठवत नसतं. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, जेवायला बसताना अजून दोन ताटं मांडायला सांगतात. अशा घरात मामंजींच्या फोटोआधी ‘कै.’ लिहायचं का? मला विचाराल तर लिहू नका. आपल्यासाठी ती जुनी गोष्ट आहे. तिने ते वाचलं तर तिच्यासाठी ती त्या क्षणी घडते, आणि फोटो दर दहा मिनिटांनी फिरून येतो. फोटो मात्र काढू नका. ‘आपलं लग्न’ एवढं लिहा, साल माहीत असेल तर तेही. पण ‘मामंजी शेतात गेलेत’ असंही लिहू नका. तोंडाने बोलताना आपण तिचा चेहरा बघून बोलतो. कधी विषय बदलतो, कधी ‘तुम्हाला त्यांची आठवण येतेय ना’ म्हणून जवळ बसतो. भिंतीवरचं वाक्य चेहरा बघत नाही. ती त्यावर विश्वास ठेवून दारात वाट बघत उभी राहते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. ही नीट ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे. फ्रेम विकत घेताना हमखास सांगतात की गोळ्यांची आठवण करून देते. ‘गोळी घ्या’ असं सकाळी आठ ते नऊ फ्रेमवर दिसत राहिलं, तर आठ वाजता घेतलेली गोळी विसरलेली बाई साडेआठला दुसरी घेईल. साखरेच्या काही गोळ्या दोनदा पोटात गेल्या तर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच. तेव्हा विसरणाऱ्या माणसाच्या फ्रेमवर गोळीचा हुकूम नको. लिहायचंच असेल तर ‘गोळी सूनबाई देईल’ असं लिहा आणि डबा कुलपात ठेवा. स्वतःच्या गोळ्या स्वतः नीट घेणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, त्यांना आठवण उपयोगी पडते.

आता ज्याची चर्चा कुणी करत नाही ते. या फ्रेमवर लिहितं कोण? वायफायवर चालणाऱ्या बऱ्याच फ्रेमना एक कोड असतो. तो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे, तो पुण्यातून किंवा दुबईतून थेट आपल्या भिंतीवर लिहू शकतो. मुलगा प्रेमाने लिहितो, ‘आईला रोज फळं देत जा.’ हा निरोप आईला नसतो, सुनेला असतो. आणि तो झळकतो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. चार वर्षं अंघोळ घालणाऱ्या, रात्रीत तीनदा उठणाऱ्या बाईला भिंतीवरून सूचना! दिरांनी, नणंदांनी सुनेशी बोलायचं असेल तर फोन करावा. माझं मत स्पष्ट आहे. कोड घरात राहणाऱ्या बाईच्या हातात असावा, आणि बाकीच्यांनी फोटो तिच्याकडे पाठवावेत. कोणता लावायचा ते ती ठरवेल. लोणावळ्याच्या सहलीचे चाळीस फोटो एका दिवशी आले की म्हातारी दिवसभर विचारते, ‘मला का नाही नेलं?’ त्याचं उत्तर पाठवणाऱ्याला द्यावं लागत नाही.

बऱ्याच घरांत आजीला वाचता येत नाही. तिच्या वयाच्या मुलींना शाळेत कुणी घातलं? तिथे अक्षरं काय कामाची? तिथे चित्र हाच निरोप. तिच्या स्वतःच्या ताटाचा फोटो म्हणजे जेवण. तिच्या अंथरुणाचा फोटो म्हणजे झोप. फोटो आपल्याच घरातल्या वस्तूंचे काढा, बाजारातल्या चकचकीत ताटाचे नकोत. काही फ्रेमवर आवाजासह छोटा व्हिडिओ चालतो, लेकीचं एक वाक्य ऐकवता येतं. पण पहिल्यांदा दिवसा, आपण शेजारी बसून लावून बघा. काही जणींना भिंतीतून आलेला आवाज खरा वाटतो आणि त्या लेकीला खोल्या-खोल्यांतून शोधत फिरतात. तसं झालं तर आवाज बंद. रात्री तर फ्रेम बंदच ठेवा. अंधारात उजळलेला चेहरा म्हणजे घरात शिरलेलं माणूस वाटू शकतं. ठरलेल्या वेळी बंद होण्याची सोय बहुतेक फ्रेममध्ये असते.

खरेदीचं थोडक्यात सांगते. सात इंची फ्रेम खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत नाही, दहा इंची बघा. दुकानात मराठी लिहून पाहा. काही स्वस्त फ्रेमवर आपल्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. त्यावर उपाय सोपा आहे. मजकूर मोबाइलवरच फोटोवर लिहायचा, तो फोटो म्हणून सेव्ह करायचा आणि तोच फ्रेममध्ये टाकायचा. मग फ्रेमला मराठी येवो न येवो. फोटो जेपीजी प्रकारचा असावा, आयफोनवरचे काही फोटो बऱ्याच फ्रेमवर उघडत नाहीत. मोबाइल आडवा धरून फोटो काढा, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. वायफाय नसेल तर पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लागणारी फ्रेम घ्या, ती स्वस्तही पडते. दुकानदारासमोर प्लग काढून परत लावा. आपल्याकडे लाइट जाते-येते. लाइट आल्यावर फ्रेम आपोआप सुरू होते का, आणि तारीख बरोबर राहते का, ते तिथेच कळेल. चुकीचा वार दाखवणारी फ्रेम नसलेली बरी. वीज फार लागत नाही. दहा वॅटची फ्रेम दिवसाला दहा तास चालली तर महिन्याला तीन युनिट.

लावायची कुठे? दाराच्या वर नको. ती जिथे बसते तिथून, बसल्यावर डोळ्यासमोर येईल अशी. खिडकीचा उजेड काचेवर पडायला नको, आणि वायर चालायच्या वाटेत नको. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळं घर अंथरुणाला खिळतं. आणखी एक. दसऱ्याला आपण शिलाई मशीनला, गाडीला, मिक्सरला हार घालतो, तसा एका घरात या फ्रेमलाही घातला. मग काय, हाराखाली एकेक करून सगळी जिवंत नातवंडं यायला लागली. आजीने रडून घर डोक्यावर घेतलं. हसू नका, हार घातलेल्या फोटोचा आपल्याकडे अर्थ काय होतो ते तिला पक्कं आठवत होतं.

फ्रेमवर बँकेचा, एटीएमचा कुठलाही नंबर लिहू नका. ‘दुपारी घरी कुणी नाही’ हेही नको, दारातून कुणालाही वाचता येतं. फ्रेमचा कोड नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. आणि म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

शेवटी, ज्यांना फ्रेम परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडेही ती नाही. आमच्याकडे पोरांची जुनी पाटी आहे. तिच्यावर खडूने लिहिते आणि शेजारी आत्यांच्या माहेरच्या वाड्याचा फोटो टाचणीने लावलाय. लाइट गेली तरी पाटी चालते. आता आत्यांना वाचता येतं, चौथीपर्यंत शिकल्यात, म्हणून आमचं जमतं. काय लिहायचं ते ज्यांना सुचत नसेल त्यांच्यासाठी, आज सकाळी पाटीवर लिहिलं ते जसंच्या तसं सांगते: ‘आज गुरुवार. आज उपास नाही. मी रेडिओवर बोलायला गेले आहे. काकू तुमच्याजवळ आहेत. अकरा वाजता येते, मग आपण जेवू.’

येते मग. नमस्कार.