दारचा जीव आणि श्रावकाचे अणुव्रत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जीवदयेच्या कार्याचा विषय निघाला की मुंबईच्या पांजरपोळीचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या स्थापनेमागील प्रसंग मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. इ. स. १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्र्यांची कत्तल सुरू झाली. तिच्या विरोधात प्रथम पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि जैन व हिंदू व्यापारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि भायखळ्याच्या आदीश्वर मंदिराचे निर्माते मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. आज जी संस्था मुख्यतः गोधनाचे आश्रयस्थान म्हणून ओळखली जाते, तिच्या जन्माला रस्त्यावरचा कुत्रा कारणीभूत झाला होता.

हा इतिहास अभिमानाने सांगणाऱ्या समाजाने आपल्या घराच्या फाटकाकडेही एकदा पाहावे. बंगल्याच्या अथवा मळ्यातील वस्तीच्या राखणीसाठी अल्सेशियन, डॉबरमन किंवा ग्रेट डेन जातीचा कुत्रा आणलेला असतो. दोन महिन्यांचे पिल्लू घरभर खेळते, त्याचे कौतुक होते. वर्षभरात ते तीस-पस्तीस किलोचे होते, आणि मग एक दिवस त्याला फाटकाशेजारच्या खांबाला बांधले जाते. साखळी चार हाताची, डोक्यावर पत्रा, खाली तापलेली फरशी आणि जवळच कलंडलेले रिकामे भांडे. त्याच घरातून पर्युषणात जीवदयेच्या निधीला देणगी जाते आणि तिची पावती जपून ठेवली जाते. देणगी देणारे मन निष्ठुर नसते. आपल्या दारातील जीव हाही त्या दयेचा अधिकारी आहे, एवढेच त्याच्या ध्यानात आलेले नसते.

येथे एक शंका विचारली जाते आणि ती रास्त आहे. श्रावकाने कुत्रा पाळावाच का? आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त पंधरा कर्मादानांपैकी असतीपोषणाचा विचार करताना धनासाठी कुत्रा, मांजर, पोपट यांसारख्या प्राण्यांचे पोषण करणे दोषास्पद मानले आहे. पिल्लांची पैदास करून ती विकण्याचा व्यवसाय श्रावकाला शोभणारा नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. केवळ प्रतिष्ठेसाठी मोठा कुत्रा विकत आणण्यापूर्वीही गृहस्थाने दहादा विचार करावा. परंतु जो जीव घरी आलेला आहे, ज्याला आता अन्यत्र आधार नाही, त्याला या वचनाचा हवाला देऊन उपेक्षेत ठेवता येत नाही. वाघाला वा पाखराला स्वतःचा निवारा शोधता येतो. साखळीत अडकलेल्या कुत्र्याचे ऊन, पाऊस, तहान आणि भय ही सर्वस्वी मालकाच्या हाती असतात.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे ते पाच होत. हे अतिचार प्रामुख्याने पाळलेल्या आणि आश्रित जीवांच्या संदर्भात समजावून दिले जातात. आखूड साखळी हा बंध झाला. भुंकतो म्हणून काठीने मारणे हा वध. कारण येथे वध म्हणजे ताडन, प्राण घेणे नव्हे. डॉबरमनचे शेपूट तोडणे, ग्रेट डेनचे कान कातरणे हा छेद. त्यात कुत्र्याचे हित काहीच नसते, पाहणाऱ्याच्या हौसेसाठी ते केले जाते. म्हाताऱ्या वा आजारी कुत्र्याला अहोरात्र राखणीला जुंपणे यात अतिभाराचा दोष येतो. आणि वैशाखातील दुपारी भांडे कोरडे राहणे हा अन्नपाननिरोध. देशाचा कायदाही निराळे सांगत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्राण्याला अकारण आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे अपराध आहेत.

या पाचांपैकी बंध आणि अन्नपाननिरोध यांचे निवारण बव्हंशी एका साध्या बांधकामाने होऊ शकते. ते म्हणजे अंगणातील कुत्र्याचे घर. हे बांधकाम सुताराला ‘एक खोका करून दे’ असे सांगून होण्यासारखे नाही. ज्याच्यासाठी ते बांधायचे, त्याच्या देहाचा विचार त्यात प्रथम हवा.

प्रारंभ मापापासून करावा. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची आणि बसलेला असताना डोक्यापर्यंतची उंची अशी तीन मापे घ्यावीत. पूर्ण वाढलेल्या अल्सेशियन नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो असते. अशा कुत्र्याला आतून पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच घर पुरते. त्यात त्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून कुशीवर झोपता यावे, ही खरी कसोटी. ग्रेट डेनची उंची ८० सेंटिमीटर वा त्याहून अधिक असल्याने त्याला साडेसहा फूट बाय पाच फूट जागा हवी. पिल्लासाठी घर बांधायचे झाल्यास पूर्ण वाढीचे मापच धरावे.

परदेशी पुस्तकांतील नकाशे येथे जसेच्या तसे उतरवू नयेत. थंड देशांत घर मुद्दाम लहान ठेवतात, कारण कुत्र्याच्या अंगच्या उष्णतेनेच ते उबदार राहावे लागते. महाराष्ट्रात मोठ्या कुत्र्याचा खरा शत्रू उन्हाळा आहे. त्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. कोंदट जागेत धापा टाकूनही देह निवत नाही आणि उष्माघाताने काही वेळातच प्राण जाऊ शकतो. म्हणून समोरासमोरच्या दोन भिंतींत छपराखाली जाळीचे झरोके ठेवावेत. छप्पर मंगलोरी कौलांचे उत्तम. पत्राच वापरावा लागल्यास त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घालावा. कडुनिंबासारख्या झाडाची सावली दुपारी घरावर पडेल अशी जागा मिळाली तर अर्धे काम झाले.

पावसाचा मारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणून दार पूर्वेला असावे. सकाळचे कोवळे ऊन आत येऊन जमीन कोरडी होते. दार भिंतीच्या मधोमध न ठेवता एका अंगाला ठेवावे, म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यात वारा व शिंतोडे पोचत नाहीत. अल्सेशियनसाठी दार अडीच फूट उंच आणि पावणेदोन फूट रुंद पुरे. दारावर छपराची दोन फूट पडवी पुढे काढावी. पाऊस चालू असताना कुत्र्याला बाहेर बघत बसणे आवडते, आणि पडवीमुळे ते कोरड्यात बसून करता येते.

जोते अंगणापेक्षा फूटभर उंच घ्यावे. काळ्या मातीची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे माती काढून मुरमाची भर करावी, नाहीतर दोन वर्षांत भिंती तडकतात. तळाला शहाबादी फरशी बसवून तिला दाराच्या दिशेने इंचभर उतार द्यावा. या फरशीवर थेट झोपणाऱ्या जड कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडतात, पुढे सूज येते आणि उतारवयात सांधे धरतात. यासाठी चार इंच उंचीचा, कडा गोल घासलेला लाकडी फळ्यांचा पाट आत ठेवावा. तो उचलून उन्हात टाकता यावा, इतकी सोय पाहावी.

भिंतींच्या बाबतीत श्रावकाने विशेष लक्ष द्यावे असा एक मुद्दा आहे. कुत्र्याच्या अंगावरील गोचीड पोट भरल्यावर खाली उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत शिरून हजारो अंडी घालते. त्यातून गोचीडताप पसरतो, कुत्रा खंगतो, आणि मग घरधनी नाइलाजाने विषारी औषधांची फवारणी करतो. एका जीवाच्या रक्षणासाठी असंख्य जीवांची हिंसा करावी लागते. ही वेळ पुष्कळ अंशी बांधकामातच टाळता येते. भिंतींना आतून गुळगुळीत गिलावा करावा, कोपरे गोल करावेत, चौकटीभोवतीच्या फटी भरून घ्याव्यात आणि वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी द्यावी. ती पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला आत सोडू नये. जेथे अंडी घालण्यास जागा नाही, तेथे फवारणीचा प्रसंगही विरळा. यत्नाचार म्हणतात तो हाच. जीवोत्पत्ती होऊ देऊन मग हळहळण्यापेक्षा तिला निमित्तच न देणे हे अधिक विवेकाचे होय.

घराला लागून मोकळे आवार असले पाहिजे. किमान वीस फूट बाय दहा फूट जागेभोवती दीड फुटाची भिंत आणि तिच्यावर जाळी, अशी एकूण सहा फूट उंचीची कड केली म्हणजे साखळी खुंटीवर टांगून ठेवता येते. आवाराचे फाटक आतल्या बाजूस उघडणारे असावे, म्हणजे कुत्र्याने अंग रेटले तरी ते उघडत नाही. आवार असले तरी सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरवून आणण्याचे कर्तव्य सुटत नाही. तसेच हे घर शौचालयामागच्या अडगळीत बांधू नये. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. माणसांच्या घरालाच तो आपला कळप समजतो. स्वयंपाकघराचे दार वा ओसरी त्याच्या नजरेत राहील असे पाहिले तर त्याचे अकारण भुंकणेही कमी होते आणि शेजाऱ्यांनाही शांतता लाभते.

पाण्यासाठी कलंडणार नाही अशी दगडी डोणी सावलीत ठेवावी. तिच्यात गाळलेले पाणी भरावे आणि ते रोज दोन वेळा बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत. संध्याकाळचे अन्न सूर्यास्तापूर्वी द्यावे व उरलेले लगेच उचलावे. उष्ट्याला लागणाऱ्या मुंग्या आणि रात्री येणारे उंदीर यांचा प्रश्न मग निर्माणच होत नाही. जैन गृहस्थाच्या घरी हे नियम नवे नाहीत. ते अंगणापर्यंत नेले की झाले.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी शेती करणारा आपला समाज मोठा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर त्याने सोसले आहेत. पाणी चढू लागले की घरातील माणसे आणि गुरे हलवण्याची एकच घाई होते. त्या घाईत साखळीला बांधलेल्या अथवा आवारात कोंडलेल्या कुत्र्याचा विसर पडला, तर पोहता येत असूनही त्याला जीव वाचवता येत नाही. म्हणून अशा गावांत घराची जागा अंगणातील उंचवट्यावर निवडावी, फाटकाची कडी बाहेरून एका हाताने निघेल अशी ठेवावी, आणि संकटसमयी त्याला सोडवून बरोबर नेण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीवर आधीच सोपवावी.

वादीभसिंह सूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमाराची कथा आहे. मार खाऊन मरणासन्न झालेल्या एका कुत्र्याजवळ राजकुमार बसला आणि त्याने त्याच्या कानी पंचनमस्कार मंत्र घातला. तो जीव मरून यक्षेंद्र झाला आणि पुढे कृतज्ञतेने कुमाराच्या साहाय्याला धावला. ही कथा ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावतात. त्या कुत्र्याला जीवंधर भेटला तो अखेरच्या घटकेला. आपल्या दारातील कुत्र्याला त्याचा धनी रोज भेटतो, दहा-बारा वर्षे भेटतो. एवढ्या काळात त्याला सावली, कोरडी जागा, भरलेली डोणी आणि मोकळे चार पाय मिळावेत, यासाठी थोड्या विटा, थोडी कौले आणि आठवडाभराची मजुरी लागते.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संकल्प सोडले गेले आहेत. त्यांत आणखी एकाची भर पडावी. ज्या घरी कुत्रा आहे, त्या घराने येत्या चैत्रापूर्वी खांबाची साखळी सोडावी आणि त्याला मापाचे घर द्यावे. मंदिरातून घरी परतताना फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या मुक्या जीवाकडे पाहताना श्रावकाला मान खाली घालावी लागू नये, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!